रानातली नगरे आणि वळलेल्या वाटा : हलशी ते गेरसोप्पा

मध्य अमेरिकेतील माया लोकांची प्राचीन नगरे पाहायला जगभरातून माणसे जातात. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात गाडी घ्यायची, तुलुमचा समुद्रकाठ पाहायचा, मग आत वळून कोबा, चिचेन इत्झा, पालेंके, आणि सवड असेल तर ग्वातेमालातले तिकाल. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला घनदाट रान आणि त्या रानात पायऱ्यापायऱ्यांची उंच दगडी देवळे. तिथून परतलेला माणूस बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : एवढी मोठी नगरे टाकून हे लोक गेले कुठे?

हाच प्रश्न मला आपल्या दारात आणून ठेवायचा आहे. जोयडा तालुका मध्ये धरला, उत्तरेला खानापूर तालुक्यातले हलशी घेतले आणि दक्षिणेला होन्नावर तालुक्यातले गेरसोप्पा घेतले, तर या वाटेवर तेच सारे आहे. रान आहे, घाट आहे, समुद्र आहे, पडकी देवळे आणि उजाड राजधान्या आहेत. दोन-तीन दिवसांत हा प्रवास गाडीने आरामात होतो. तो आपण या लेखातून करू या.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. होमिओपॅथीचा डॉक्टर आहे आणि माझे आयुष्य याच भागात दवाखाना चालवण्यात गेले. आमच्या शास्त्रात रोग्याचे दुखणे कुठे आहे एवढे विचारून भागत नाही. केव्हापासून सुरू झाले, त्याआधी काय घडले, कशाने वाढते, कशाने कमी होते, हे सारे विचारावे लागते. उजाड गावाला मी हेच प्रश्न विचारत आलो. त्यातून माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो. आपल्या भागातली ही नगरे रानाने गिळली नाहीत. आधी वाट वळली किंवा सत्ता हलली, मग बाजार उठला, आणि रान सर्वांत शेवटी आले. माणसे मात्र बरीचशी इथेच राहिली.

१. माया लोकांचे काय झाले?

१८३९ साली जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन वकील आणि फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार मध्य अमेरिकेच्या रानात शिरले. होंडुरासमधल्या कोपान या नगराचे अवशेष स्टीफन्सने पन्नास डॉलरना विकत घेतले, म्हणजे त्या काळी त्या दगडांची किंमत काय होती ते कळते. ही नगरे इजिप्तच्या लोकांनी, फिनिशियनांनी किंवा इस्राएलच्या हरवलेल्या टोळ्यांनी बांधली असावीत, असे तेव्हा युरोप-अमेरिकेत अनेकांना वाटे. रानात झोपड्या घालून मका पिकवणाऱ्या तिथल्या गरीब माणसांच्या पूर्वजांनी ती बांधली, हे पटायला जड जात होते. स्टीफन्सने १८४१ साली छापलेल्या प्रवासवर्णनात नेमके हेच मांडले की ही या भूमीतल्या लोकांच्याच पूर्वजांची कामे आहेत. पुढच्या संशोधनाने त्याला खरे ठरवले.

तिकालमधला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ. स. ८६९ चा आहे. त्यानंतर तिथे राजांच्या नावाने दगड उभे राहिले नाहीत. दीर्घ अवर्षणे, आपापसांतली युद्धे, राजसत्तेवरचा उडालेला विश्वास अशी कारणे अभ्यासक देतात. त्यात आणखी एक कारण आहे. आतल्या नद्यांवरून आणि रानवाटांवरून होणारा व्यापार हळूहळू समुद्रकाठाकडे सरकला. आतली नगरे ओस पडत असताना किनाऱ्यावरची आणि उत्तरेची नगरे भरभराटीला आली. १५०२ साली कोलंबसाला होंडुरासच्या समुद्रात मालाने भरलेली मोठी व्यापारी होडी भेटली, ती याच व्यापारातली. तुलुम हे बंदर तर स्पॅनिश जहाजे आली तेव्हाही नांदते होते.

आणि माया माणसे? ती आजही लाखोंच्या संख्येने आहेत. तीसएक माया भाषा आजही बोलल्या जातात. तेव्हा ‘गेले कुठे’ या प्रश्नाचे उत्तर असे की ते गेलेच नाहीत. राजधानी मोडली, तरी लोक टिकले. हे सूत्र हाती धरून आता आपल्या वाटेला लागू.

२. हलशी : ताम्रपटातली राजधानी

नंदगडच्या पुढे हलशी लागते. आज ते शेतीभातीचे साधे गाव आहे. पाचव्या शतकात त्याचे नाव पलाशिका होते आणि बनवासीच्या कदंब राजांची ती दुसरी राजधानी होती. हे आपल्याला कळले ते गावाजवळच्या चक्रतीर्थ नावाच्या विहिरीपाशी मातीच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या ताम्रपटांमुळे. जे. एफ. फ्लीट यांनी ते १८७७च्या सुमारास वाचून प्रसिद्ध केले.

जैन घरात वाढलेल्या माणसाला हे ताम्रपट वाचताना थांबावेच लागते. कदंब राजे स्वतः वैदिक परंपरेतले. तरी राजा मृगेशवर्म्याने आपल्या वडिलांच्या, शांतिवर्म्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधवले आणि त्यासाठी ३३ निवर्तने जमीन दिली. दान घेणारे संघ तीन : यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक. यांतले कूर्चक आज नावापुरते उरले आहेत. यापनीय हा तर जैन धर्माच्या इतिहासातला मोठा जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला त्याच जन्मात मोक्ष मिळू शकतो हे ते श्वेतांबरांसारखे मानत. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर हा त्यांचा मुलूख. पुढे हा संघ दिगंबर परंपरेत विरून गेला. संघाचे नाव गेले, श्रावकांची घरे राहिली. आज या पट्ट्यात जी जैन शेतकरी कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी कोणाचे पूर्वज यापनीय मुनींना आहार देत असतील, हे सांगता येणार नाही. पण देणारे कोणी तरी होते आणि ते कुठेही परागंदा झाले नाहीत.

हलशीला दुसरा बहर आला तो गोव्याच्या कदंबांच्या काळात. बाराव्या शतकातले भूवराह-नरसिंहाचे देऊळ त्याची साक्ष देते. एकाच गाभाऱ्यापुढे समोरासमोर दोन मूर्ती नव्हेत, तर एका मंडपाच्या दोन टोकांना दोन गाभारे, अशी त्याची रचना आहे. त्या काळी ‘हलसिगे बारा हजार’ हा मोठा प्रांत होता. एकाच राजाकडे खाली गोव्याचे बंदर आणि वर पठार, अशी सत्ता असताना घाटमाथ्यावरचे हलशी हे मधले ठाणे होते. चौदाव्या शतकात गोव्याचे कदंब संपले. त्यानंतर या भागाचे मोठे ठाणे बेळगाव झाले आणि हलशीचे महत्त्व गेले. देऊळ उभे राहिले, कारण पूजा करणारे गाव उभे राहिले.

३. जोयडा : रिकामे नसलेले रान

हलशीहून लोंढा ओलांडून रामनगरला आलो की जोयडा तालुका सुरू होतो. याच तालुक्याच्या वायव्य टोकाला कॅसलरॉक आहे. पुढे गणेशगुडीला सुपा धरण लागते. त्याविषयी शेवटी बोलू, कारण या साऱ्या प्रवासाचा अर्थ तिथे येऊन थांबतो.

जोयड्यापासून कुंभारवाड्याकडे निघालो की रान दोन्ही बाजूंनी जवळ येते. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचे. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला हे रान अनादि काळापासून निर्मनुष्य वाटते. तसे ते नाही. इथे कुणबी राहतात. कोकणी बोलतात, भात पिकवतात, आणि कोन, कणगी अशी कितीतरी जातींची कंदमुळे परसात लावतात. जोयड्यात या कंदांचा मेळाही भरतो.

कुणब्यांची जुनी शेती कुमरीची. रानाचा एक तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून पुढे जायचे आणि सोडलेल्या जागेवर पुन्हा रान येऊ द्यायचे. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकात कारवार जिल्ह्याच्या रानांतून कुमरीवर बंधने घातली. माया लोकांची ‘मिल्पा’ शेती जवळजवळ अशीच असते. राखेत मका, घेवडा आणि भोपळा. सांगायचे ते एवढेच की आपण ज्याला ‘घनदाट अरण्य’ म्हणतो त्यातला बराच भाग कधी ना कधी कोणाच्या तरी हाताखालून गेलेला आहे. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. घाटाच्या अलीकडच्या त्यांच्याच भाऊबंदांची तशी मागणी आजही आहे. एका सरहद्दीने एकाच लोकांचे दोन इतिहास केले.

कुंभारवाड्याहून एक फाटा उळवीला जातो. बाराव्या शतकात कल्याणमध्ये बसवेश्वरांच्या अनुयायांवर संकट कोसळले तेव्हा चन्नबसवण्णा शरणांसह या रानात आले आणि इथेच समाधिस्थ झाले, अशी परंपरा आहे. दर वर्षी माघी पौर्णिमेच्या सुमारास बेळगाव-धारवाडकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून, मुक्काम करत उळवीच्या जत्रेला येतात. आता एसटी आहे, घरोघरी मोटारी आहेत, तरी बैलगाड्या येतात. उळवीला कधी राजधानी नव्हती, बंदर नव्हते, किल्ला नव्हता. तरी ती आठशे वर्षे जागी आहे. कारण तिथे येणारी वाट कोणी मोडू दिली नाही. हलशी आणि उळवी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे गाव कशाने जगते ते ध्यानात येईल.

४. कारवार : बंदराकडे आलेली आणि गेलेली वाट

अणशीचा घाट उतरला की कद्रा आणि मग काळी नदीच्या काठाने कारवार. नदीच्या मुखावर सदाशिवगड आहे. सोंद्याच्या राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी तो बांधला आणि वडिलांचे नाव दिले. इंग्रजांची वखार कारवारला १६३८ सालीच आली होती. घाटावरचे कापड आणि मिरी त्यांना हवी होती. १६६५च्या फेब्रुवारीत बसरूरची मोहीम आटोपून छत्रपती शिवाजी महाराज गोकर्णावरून कारवारला आले, तेव्हा त्यांना द्याव्या लागलेल्या खंडणीत या वखारीनेही आपला वाटा भरला.

कारवारचे खरे दिवस मात्र दोनशे वर्षांनी आले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. धारवाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. तो जहाजावर चढवायला कारवारसारखे नैसर्गिक बंदर जवळ होते. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला, त्यामागे हेही कारण होते. कापसाच्या गाड्यांसाठी घाट फोडून रस्ते केले गेले. आपल्या भागात मराठी शाळा, मराठी कचेरी आणि मुंबईकडे पाहण्याची सवय रुजली, त्यातही या फेरबदलाचा मोठा वाटा आहे.

मग १८८८ साली मुरगावची रेल्वे पुरी झाली. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर आणि खाली मुरगाव. कापूस बैलगाडीतून उतरून आगगाडीत बसला आणि पोर्तुगीजांच्या बंदरात गेला. कारवारला पुर आला नाही, शत्रू आला नाही, साथही आली नाही. फक्त माल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि बंदराचा कापसाचा व्यापार बसला. त्याच वेळी कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे ठाणे म्हणून जागे झाले. तिथे जकात होती, तपासणी होती, वर्दळ होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि ती सरहद्दच नाहीशी झाली. कॅसलरॉक पुन्हा रानातले शांत स्टेशन झाले. एका आयुष्याच्या लांबीत एक गाव वर आले आणि खाली गेले, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

५. गेरसोप्पा : सतरा वर्षांतले रान

कारवारहून किनाऱ्याच्या रस्त्याने अंकोला, कुमटा, होन्नावर. वाटेत मिरजानचा किल्ला आहे. होन्नावरहून शरावतीच्या काठाने आत वळलो की गेरसोप्पा. आपल्या मराठी पुस्तकांतला ‘गिरसप्पाचा धबधबा’ याच नावाने ओळखला जाई.

सोळाव्या शतकात इथे जैन राजघराण्याची सत्ता होती आणि राणी चन्नभैरादेवी राज्य करीत होती. सह्याद्रीतली मिरी तिच्या हातात होती, म्हणून पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. नदीपलीकडे रानात चतुर्मुख बस्ती आजही उभी आहे. चारही दिशांना चार दारे, आणि कोणत्याही दारातून आत पाहिले तरी समोर तीर्थंकर. त्या जागेला ‘नगरबस्तीकेरी’ म्हणतात. ज्या रानात आज हाकेला ओ मिळत नाही, त्या जागेच्या नावात ‘नगर’ आहे, ‘बस्ती’ आहे आणि ‘केरी’ म्हणजे आळीही आहे. लोकांनी नाव जपले, म्हणून शहर हरवले नाही.

१६०६च्या सुमारास इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाने हे राज्य जिंकले आणि राणी त्याच्या कैदेत गेली. पुढे १६२३च्या अखेरीस पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीला निघाला होता. होन्नावरहून होडीने तो गेरसोप्प्याला आला. नदीच्या सौंदर्याने तो हरखून गेला. पण त्याने नोंदवले ते असे की एके काळची ही प्रसिद्ध राजधानी पडलेली आहे, राजवाडा मोडला आहे, त्यावर झाडे वाढली आहेत आणि काही झोपड्या तेवढ्या उरल्या आहेत.

वाचकहो, १६०६ ते १६२३ म्हणजे सतरा वर्षे. आपल्याकडच्या पावसाला शहर झाकायला एवढा वेळ पुरतो. तेव्हा रानात अवशेष दिसले की हजारो वर्षांची कल्पना करण्याचे कारण नाही. आणि मिरी? ती पिकत राहिली. फक्त तिचा हिशेब गेरसोप्प्याऐवजी इक्केरीला होऊ लागला. मिरी तोडणारे हात तेच होते.

६. सुपा : आपल्या डोळ्यांदेखत

आता परत जोयड्याला येऊ. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा नावाचे गाव होते. ते तालुक्याचे ठिकाण होते. तालुक्याचे नावच सुपा. १९७४ साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९८७ साली ते पुरे झाले. धरणाची उंची १०१ मीटर, साठा १४५ टीएमसीच्या घरात. कचेऱ्या जोयड्याला हलल्या. माणसांपैकी कितीतरी कुटुंबे रामनगरला आली. या पाण्यावर तयार होणारी वीज साऱ्या कर्नाटकाला उजेड देते, हे खरेच आहे, आणि त्या विजेवर माझा दवाखानाही चालला आहे. पण त्या पाण्याखाली बाजार होता, शाळा होती, देवळे होती, शेते होती, हेही खरे आहे.

इथे वाट वळली नाही, मुद्दाम वळवली गेली. पण परिणाम तोच. आणखी शंभर वर्षांनी कोणी हौशी प्रवासी या जलाशयाच्या काठी उभा राहून विचारील की इथले लोक गेले कुठे? उत्तर आज आपल्याला ठाऊक आहे. ते रामनगरात आहेत, जोयड्यात आहेत, दांडेलीत, बेळगावात, गोव्यात आहेत. वयस्कर रोग्याला मी गाव विचारतो तेव्हा तो चाळीस वर्षे ज्या घरात राहतो त्याचा पत्ता सांगत नाही. ‘आम्ही सुप्याचे’ असे म्हणतो.

हलशीचे लोक काय बोलत होते ते आपल्याला कळणार नाही. ताम्रपटात राजाचे दान आहे, त्या जमिनीवर राबणाऱ्याचे नाव नाही. गेरसोप्प्याची हकीकत परक्या प्रवाशाने लिहिली, म्हणून कळली; तिथल्या झोपडीत राहणाऱ्याला कोणी विचारले नाही. माया लोकांच्या पोथ्या १५६२ साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने जाळवल्या आणि आज जगात केवळ चार उरल्या आहेत. सुप्याचे तसे नाही. सुप्यात लहानाचा मोठा झालेला माणूस अजून आपल्यात आहे. सुप्याच्या शाळेत शिकलेला मुलगा आज साठीच्या पुढे आहे, तिथे संसार केलेली बाई ऐंशीच्या घरात आहे. ही पिढी आणखी दहा-पंधरा वर्षांची सोबती.

म्हणून या व्याख्यानाचा शेवट मी एका विनंतीने करतो. आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका सुपेकराजवळ वही घेऊन बसा. बाजार कोणत्या वारी भरे? घाटाखालून कोण माल घेऊन येई? शाळेत कोणती भाषा, घरात कोणती, बाजारात कोणती? कोणाची आळी कुठे होती? नदीला उतार कुठे होता? गाव सोडताना देव कोणी उचलले आणि ते आता कुठे बसवले आहेत? कुणब्यांना विचारा, व्यापाऱ्यांना विचारा, मासे धरणाऱ्यांना विचारा, आणि बायकांना आवर्जून विचारा, कारण विहीर, ओटा आणि वाट त्यांना अधिक नेमकी आठवते. मध्येच थांबवू नका. एकाच गोष्टीच्या दोन हकिकती निघाल्या तर दोन्ही लिहा. मग सर्वांच्या आठवणींवरून बुडालेल्या गावाचा एक नकाशा काढा. हे काम एखाद्या साहित्यसंस्थेला सहज जमण्यासारखे आहे आणि त्याला विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

माया नगरांच्या वाटेवर जाणे सर्वांना जमेल असे नाही. रामनगरच्या एखाद्या ओट्यावर तासभर बसणे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. येत्या पावसाळ्यात, शेताची घाई सरली की, ते सुरू करावे.